मोटर लावलेल्या सायकलच्या मागील चाकावर स्प्रॉकेट बसवताना घ्यावयाची काळजी

मारेगाव तालुक्यातील कापूस, सोयाबीन व तूर घेणाऱ्या शेतकऱ्याचे वावर बहुधा घरापासून दूर असते. डवरणीच्या दिवसांत, ओलिताच्या पाळीला किंवा रात्री रानडुकरांच्या राखणीला दिवसातून दोन-तीन खेपा होतात. अशा खेपांसाठी घरच्या जुन्या सायकलला मोटर लावून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. मोटर, बॅटरी, चेन व नट-बोल्ट असा संपूर्ण संच बाजारात मिळतो आणि गावचा सायकल मिस्त्री तो एका दिवसात बसवूनही देतो.

सायकलला मोटर ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पायडल असलेली लुना कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली बाजारात आणली आणि पुढील अनेक वर्षे ती खेड्यापाड्यांत धावली. परंतु लुना कारखान्यात तयार होत असे. तिचे चाक, हब व चेन एकमेकांसाठीच बनविलेले होते. घरच्या सायकलला संच लावताना मात्र एका ठिकाणचे चाक, दुसऱ्या ठिकाणची मोटर आणि तिसऱ्या ठिकाणचे स्प्रॉकेट एकत्र येते. या जोडकामात सर्वांत नाजूक जागा म्हणजे मागील चाकावर बसणारे दातेरी चाक, अर्थात स्प्रॉकेट.

मोटरची सर्व ताकद या स्प्रॉकेटमधून चाकाला मिळते. ते मध्यावर नसेल, सरळ नसेल किंवा ढिले असेल तर चेन उतरते. उतरलेली चेन तारांमध्ये अडकली की चाक जागच्या जागी जाम होते. करंजी–वणी रस्त्यावर मागून कोळशाचा ट्रक येत असताना असे झाले तर जिवावर बेतते. म्हणून हे काम समजून घेऊन करावे व आपल्यासमोर करवून घ्यावे.

प्रथम कायदा समजून घ्या

संच विकत घेण्यापूर्वी पुढील दोन बाबी पाहाव्यात.

१) मोटार वाहन कायदा १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीचे इंजिन २५ सीसीपर्यंतचे असेल तर ती मोटार वाहन ठरत नाही. बाजारात मिळणारे सायकलचे पेट्रोल संच सहसा ४९ ते ८० सीसीचे असतात. असा संच लावलेली सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. नोंदणी, परवाना व विमा यांशिवाय ती रस्त्यावर चालविता येत नाही, आणि घरी जोडलेल्या अशा सायकलची नोंदणी होणे कठीण असते. अपघात झाल्यास भरपाईचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

२) केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीची मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती मोटार वाहन मानली जात नाही. तिला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असणे मात्र आवश्यक आहे. या सवलतीसाठी मोटरची शक्ती मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेली असावी लागते. म्हणून संच घेताना विक्रेत्याकडे तसा दाखला मागावा.

हे लक्षात घेता वावरात जाण्या-येण्यासाठी या मर्यादेतील बॅटरीचा संच सोयीचा ठरतो. पुढील माहिती मुख्यत्वे त्याला धरून दिली आहे. पेट्रोल संचाच्या स्प्रॉकेटची माहितीही दिली आहे, कारण तेच स्प्रॉकेट पुष्कळदा बॅटरी संचालाही वापरले जाते आणि तिथेच चूक होते.

चाकाची तपासणी

स्प्रॉकेट हातात घेण्याआधी मागचे चाक काढून तपासावे.

• तारा मोजा. आपल्याकडील साध्या २८ इंची सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात. काही सायकलींच्या चाकाला ३६ तारा असतात. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. त्याचे महत्त्व पुढे येईल.
• प्रत्येक तार बोटाने छेडून पाहा. ढिली तार बद्द वाजते. ढिल्या तारा आवळून व तुटलेल्या बदलून चाकाचा आऊट काढून घ्या. वाकड्या चाकावर सरळ स्प्रॉकेट बसत नाही.
• एक्सल धरून चाक डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवल्यास कोन व छर्रे तपासा, झिजलेले बदला आणि नवे ग्रीस भरा.
• मागच्या दोन नळ्यांमधील, म्हणजे चाक जिथे बसते तिथले अंतर पट्टीने मोजा. नवा हब घ्यायचा झाल्यास हे माप दुकानात सांगावे लागते.

स्प्रॉकेट बसविण्याच्या पद्धती

पायडलची चेन उजव्या बाजूला असते. म्हणून मोटरचे स्प्रॉकेट डाव्या बाजूला बसते. ते बसविण्याच्या तीन पद्धती आहेत.

पद्धत पहिली : तारांना आवळून

पेट्रोल संचाबरोबर सहसा ४४ दात्यांचे स्प्रॉकेट, दोन रबरी चकत्या, अर्धगोल लोखंडी पट्ट्या व ९ बोल्ट येतात. एक रबरी चकती तारांच्या आतून व दुसरी बाहेरून ठेवतात. बाहेरच्या चकतीवर स्प्रॉकेट आणि आतल्या चकतीमागे पट्ट्या ठेवून तारांच्या मधून बोल्ट आवळतात.

ही पद्धत ३६ तारांच्या चाकासाठी आहे. ३६ तारांच्या चाकात एका बाजूला १८ तारा येतात, म्हणजे ९ जोड्या. त्यामुळे ९ बोल्ट प्रत्येक जोडीत सारख्या जागी बसतात. आपल्या ४० तारांच्या चाकात एका बाजूला २० तारा, म्हणजे १० जोड्या येतात. इथे ९ बोल्टचा मेळ बसत नाही. काही बोल्ट थेट तारेवर येतात. मिस्त्री तार बाजूला वाकवून बोल्ट घुसवतो आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात वाकविलेली तार हबच्या भोकाजवळ काही दिवसांतच तुटते. एक तार तुटली की शेजारच्या तारांवर जास्त ताण येतो आणि पाठोपाठ त्याही तुटतात.

स्प्रॉकेटला नवी १० भोके पाडणे हाही उपाय नाही. जुनी ९ व नवी १० भोके जवळजवळ येऊन लोखंड कमजोर होते. म्हणून ४० तारांच्या चाकाला ही पद्धत वापरू नये. वापरायचीच असेल तर ३६ भोकांचा हब व ३६ भोकांचा रिम घेऊन चाक नव्याने बांधून घ्यावे.

पद्धत दुसरी : डाव्या आट्याच्या फ्रीव्हीलने

दोन्ही बाजूंना आटे असलेला हब मिळतो. उजव्या बाजूला नेहमीचे पायडलचे फ्रीव्हील व डाव्या बाजूला मोटरचे फ्रीव्हील बसते. या पद्धतीत ताकद तारांच्या मध्यावर न येता हबला मिळते. पायडलची ताकदही चाकाला अशीच मिळते, म्हणून तारांना हा ताण सोसतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उजव्या बाजूचे साधे फ्रीव्हील डाव्या बाजूला चालत नाही. डावीकडून पाहिले असता चाक घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते. त्यामुळे साधे फ्रीव्हील डावीकडे लावल्यास मोटर फिरते, पण फ्रीव्हील नुसते टकटक करीत मोकळे फिरते आणि सायकल हलत नाही. मग काही ठिकाणी फ्रीव्हील आतून वेल्डिंग करून जाम करतात. तसे केल्यास चेनच्या प्रत्येक ओढीने ते हबवरून सुटण्याच्या दिशेने फिरते आणि चालत्या सायकलवर निघून येऊ शकते. म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे व उलटी पकड असलेलेच फ्रीव्हील घ्यावे. हबचे डावीकडील आटेही उलटे आहेत ना, हे दुकानातच फिरवून पाहावे.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. बॅटरी संपली तरी फ्रीव्हील मोकळे राहते आणि पायडल मारताना मोटरचे ओझे ओढावे लागत नाही.

पद्धत तिसरी : डिस्क ब्रेकच्या हबवर

डिस्क ब्रेकच्या हबला डाव्या बाजूस डिस्क बसविण्यासाठी ६ भोके असतात. या ६ बोल्टचे वर्तुळ बहुतेक हबांवर ४४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्या मापाची ६ भोके असलेले स्प्रॉकेट किंवा जोडचकती घेऊन ती या जागी बोल्टने पक्की करता येते. स्प्रॉकेट आपोआप मध्यावर बसते व सुटत नाही. मात्र मोटरमध्ये स्वतःचे फ्रीव्हील नसेल तर बॅटरी संपल्यावर मोटरही ओढावी लागते. शिवाय असे हब जुन्या सायकलच्या नळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद असू शकतात. नळ्या जबरदस्तीने फाकवून हब बसवू नये. म्हणूनच आधी माप घ्यावे.

४० तारांच्या साध्या सायकलसाठी दुसरी पद्धत सर्वांत सोयीची आहे.

दाते किती असावेत?

पेट्रोल इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून त्याला ४४ दात्यांचे मोठे स्प्रॉकेट लागते. बॅटरीच्या गिअर मोटरचे फेरे आधीच कमी केलेले असतात. तिला ४४ दाते लावल्यास सायकल पायी चालण्यापेक्षा थोडीच जलद जाईल. हिशेब पुढीलप्रमाणे करावा.

मोटरचे फेरे × मोटरवरील दाते ÷ मागील दाते = चाकाचे मिनिटाचे फेरे

२८ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २.२३ मीटर जाते. समजा मोटरचे फेरे मिनिटाला ३०० आहेत व तिच्यावर ९ दाते आहेत. तर ताशी वेग असा येतो :

मागे १६ दाते : सुमारे २२.६ किलोमीटर
मागे १८ दाते : सुमारे २० किलोमीटर
मागे २० दाते : सुमारे १८ किलोमीटर
मागे २२ दाते : सुमारे १६.४ किलोमीटर

दाते वाढले की वेग कमी होतो, पण ओढण्याची ताकद वाढते. डांबरी रस्त्याने जाणाऱ्याला १८ दाते पुरतात. पांदणीने, चढाने किंवा कॅरिअरवर खताचे अर्धे पोते घेऊन जाणाऱ्याने २० किंवा २२ दाते घ्यावेत. कमी दाते लावून वेग वाढविण्याच्या मोहात पडू नये. दांडीचा ब्रेक पावसात ओल्या लोखंडी रिमवर नीट धरत नाही, हे नेहमी ध्यानात ठेवावे.

चेन व स्प्रॉकेट एकाच मापाचे घ्यावे. सायकलच्या चेनचा एक दुवा अर्धा इंच असतो. पेट्रोल संचाची चेन लांबीला तशीच पण रुंदीला जास्त असते. लहान मोटरवर पाव इंची चेनचे स्प्रॉकेट असू शकते. मोटरवरील व मागील दाते एकाच चेनमध्ये नीट बसतात का, हे बसविण्यापूर्वीच पाहावे.

बसविण्याची कृती

१) सायकल उलटी करून किंवा टांगून मागचे चाक काढा. हबवरील आटे रॉकेल व जुन्या दातघासणीने स्वच्छ करा. आट्यांना थोडे ग्रीस लावा.

२) फ्रीव्हील हाताने फिरवून बसवा. सुरुवातीचे दोन-तीन फेरे हातानेच बसले पाहिजेत. अडत असल्यास पाना लावू नका, आटे वाकडे धरले गेले आहेत असे समजा. काढून पुन्हा लावा.

३) बोल्टची पद्धत असल्यास एकच बोल्ट पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत तीन-चार फेऱ्यांत काम पूर्ण करा. स्प्रिंग वायसर किंवा नायलॉनचे लॉक नट वापरा.

४) चाक फ्रेममध्ये बसवून फिरवा. मागच्या नळीला एक तार बांधून तिचे टोक दात्यांजवळ आणा. चाक हळू फिरवताना तारेचे टोक व दाते यांतील अंतर पाहा. स्प्रॉकेट आत-बाहेर किंवा वर-खाली डोलत असेल तर साधारण १ मिलिमीटरपर्यंत चालेल. त्यापेक्षा जास्त असल्यास सोडून पुन्हा बसवा. वर-खाली डोलणारे स्प्रॉकेट चेनला एकदा ताणते व एकदा ढिले सोडते. अशी चेन कितीही वेळा नीट केली तरी उतरतेच.

५) आता मोटर बसवा. मागील स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला एक सरळ पट्टी किंवा ताणलेली सुतळी लावून ती मोटरच्या स्प्रॉकेटपर्यंत न्या. दोन्ही एका रेषेत आले पाहिजेत. येत नसल्यास मोटरच्या पट्टीखाली वायसर घालून मोटर सरकवा. चेनला तिरपी चालवून भागत नाही.

६) चेन चढवा. जोडकडीच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने पुढे सरकते त्या दिशेला ठेवा. उलट बसविल्यास क्लिप निघून येते.

७) चेनच्या मध्यावर बोटाने दाबून पाहा. ती एकूण १० ते १२ मिलिमीटर हलली पाहिजे. ताण मोटरच्या पट्टीतील लांबट भोकांतून मोटर मागे-पुढे करून द्यावा. चाक मागे ओढून ताण दिल्यास पायडलची चेन जास्त ताणली जाते. काही संचांत नळीला आवळून बसविण्याचे ताणचाक मिळते. ते गोल नळीवर घसरून तारांमध्ये शिरू शकते व चाक जाम होते. शक्यतो ते वापरू नये.

८) चेन व टायर, तसेच चेन व नळी यांत निदान ५ मिलिमीटर मोकळी जागा आहे ना, याची खात्री करा.

९) प्रथम चाक हाताने वीस फेरे फिरवा. नंतर चाक उचललेले ठेवून मोटर हळू चालवा. त्यानंतर मोकळ्या मैदानात चालवून पाहा. सर्व ठीक असल्यासच रस्त्यावर न्या. पहिल्या १० ते १५ किलोमीटरनंतर व पुन्हा ५० किलोमीटरनंतर सर्व नट-बोल्ट तपासून आवळा. पुढे महिन्यातून एकदा तपासा.

चेनवर आवरण अत्यावश्यक

आपल्याकडे मागे बसणाऱ्या स्त्रिया बहुधा डावीकडे पाय सोडून बसतात. साडीचा पदर व काठही डाव्या बाजूलाच लोंबतो. नवे स्प्रॉकेटही नेमके याच बाजूला असते. पायडलची चेन उजवीकडे असल्याने आजवर हा धोका नव्हता, म्हणून तो पटकन ध्यानात येत नाही. पदर, धोतर किंवा लहान मुलाचा पाय चेनमध्ये सापडल्यास गंभीर इजा होते. पत्र्याचे किंवा जाड प्लॅस्टिकचे पूर्ण आवरण लावल्याशिवाय कोणालाही मागे बसवू नये. आवरणामुळे कॅरिअरवरील वैरण व पऱ्हाटीचे तुकडेही चेनमध्ये जात नाहीत.

काळ्या मातीत घ्यावयाची निगा

खरिपात पांदणीतील काळी चिकट माती चाकाला, मडगार्डला व चेनला थापली जाते. मातीत ग्रीस मिसळले की त्याची घासणारी लुगदी होते आणि दाते लवकर झिजतात. म्हणून पावसाळ्यात चेनला ग्रीस थापू नये. चिखलातून आल्यावर चेनवरील माती ओल्या फडक्याने काढावी. मोटर व बॅटरीवर पाण्याची धार मारू नये. चेन कोरडी झाल्यावर पातळ तेलाचे थेंब द्यावेत आणि वरचे तेल पुसून घ्यावे.

दर दोन महिन्यांनी चेन मोजावी. अर्धा इंची चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. हे माप ३ मिलिमीटरने वाढले असेल तर चेन बदलावी. झिजलेली चेन नव्या स्प्रॉकेटचेही दाते खाते. पेरणी यंत्राची चेनही हंगामापूर्वी अशीच मोजून तपासता येते. मात्र तिच्या दुव्याची लांबी वेगळी असू शकते, म्हणून नव्या चेनशी तुलना करावी.

बिघाड व त्यांची कारणे

• चेन वारंवार उतरते : दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत, मागील स्प्रॉकेट डोलते किंवा चेन ढिली आहे.
• एका ठरावीक जागी कटकट आवाज येतो : स्प्रॉकेट मध्यावर नाही किंवा चेनचा एखादा दुवा आखडला आहे.
• तारा तुटतात : स्प्रॉकेट तारांना आवळलेले आहे किंवा तारा ढिल्या आहेत.
• मोटर फिरते पण सायकल चालत नाही : डावीकडे उजवे फ्रीव्हील लागले आहे किंवा फ्रीव्हीलची पकड झिजली आहे.
• दाते एका बाजूने धारदार होतात : चेन तिरपी चालते.

यांपैकी कोणताही दोष दिसल्यास सायकल तशीच दामटू नये. मोटर बंद करून पायडलवर घरी यावे आणि दोष काढूनच पुन्हा मोटर सुरू करावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोटर लावलेल्या सायकलने वेळ व श्रम वाचतात यात शंका नाही. परंतु संच घेताना केवळ मोटरची ताकद व बॅटरीची किंमत विचारू नका. आपल्या चाकाला तारा किती, स्प्रॉकेट हबला बसणार की तारांना, फ्रीव्हील डाव्या आट्याचे आहे का आणि चेनवर आवरण मिळेल का, हे चार प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारा. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच संच घ्या आणि मिस्त्रीकडून काम आपल्या डोळ्यांसमोर करवून घ्या.